रिलीव्हर येईपर्यंत

शालिककाका उभ्यानं जेवतात. ताट फ्रिजवर ठेवायचं, दोन घास खायचे, अंगणात चक्कर मारायची, परत येऊन दोन घास खायचे. वरण गार होतं, भाताचे गोळे होतात, काकांना काही फरक पडत नाही. मी एकदा म्हटलं, "काका, जरा बसून जेवलात तर काय बिघडंल?"

"बसून कोनाचं भलं झालं, मास्तरीनबाई?" काका म्हणाले आणि पोळीचा तुकडा हातात घेऊन गेटकडे चालू लागले.

मी शाळेत शिकवते म्हणून मास्तरीनबाई. माझं नाव सुनीता आहे हे त्या घरात फक्त सिंधूकाकूंना माहीत आहे. भिलाईतल्या आमच्या या गल्लीत बहुतेक सगळी विदर्भातून आलेली, स्टील प्लांटचं क्वार्टर सोडून घरं बांधलेली माणसं. काकांचं आणि आमचं कुंपण एकच. त्यामुळे काका दिवसभर काय करतात हे मला बघावंच लागतं. मी काही मुद्दाम बघत नाही.

काकांनी उभा जन्म रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये काढला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण जिभेवरचा प्लांट काही उतरला नाही. मिक्सर बिघडला की घरात ब्रेकडाऊन होतो. काकूंचा उपास असला की किचनचा शटडाऊन. सगळ्यात लाडका शब्द म्हणजे रिलीव्हर. प्लांटमध्ये पाळी संपली म्हणून कोणी हात झटकून निघत नाही. तुमच्या जागी पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिला की मगच निघायचं. तो उशिरा आला तर थांबायचं, नाहीच आला तर त्याचीही पाळी तुम्हीच करायची. "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडाची नाही," हे काका घरकामाच्या बाईला सांगतात, दूधवाल्याला सांगतात. एकदा सत्यनारायणाचे भटजी दक्षिणा घेऊन उठले तर काका दारात आडवे आले आणि विचारू लागले, "महाराज, तुमचा रिलीव्हर कोन हाय?" भटजी बिचारे परत बसले.

आता काकूंचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सिंधूकाकू म्हणजे शांत बाई. मागं त्या मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या, तिथं त्याच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकल्या. एकट्या, अंधारात. दार उघडेपर्यंत बराच वेळ गेला. त्या दिवसापासून त्यांना बंद दार सहन होत नाही. न्हाणीचं दारही उघडंच ठेवतात आणि काका बाहेर मोठ्यानं रामायण म्हणत उभे राहतात, म्हणजे कोणी तिकडे फिरकू नये. ऑटोत बसतात, बाजारात जातात. पण कार म्हटली, बस म्हटली, रेल्वे म्हटली की घाम फुटतो आणि श्वास घेता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, हळूहळू होईल. हळूहळू म्हणजे केव्हा, ते काही त्यांनी सांगितलं नाही. आणि काकूंच्या आईजवळ तेवढा वेळ नव्हता.

आजी विदर्भातल्या साकोलीकडच्या एका गावात, नव्वदीच्या पलीकडच्या. कानानं कमी ऐकू येतं, पण फोनवर एक प्रश्न चुकत नाही. "सिंधे, कवा येतं वं?" काकू म्हणतात, "येतो आई." मग फोन ठेवतात आणि निवडलेले तांदूळ परत निवडायला घेतात. एकदा जिवावर उदार होऊन रेल्वेत बसल्या होत्या. दुर्ग आलं, गर्दी चढली, दारं भरली, तशा काकू खाली उतरल्या. दुर्ग म्हणजे आमचं पुढचंच मोठं स्टेशन. सामान गोळा करून काकाही उतरले आणि दोघं ऑटोनं घरी आले. गल्लीत लोकांनी विचारलं तर काका म्हणाले, "ट्रायल होती."

त्यानंतर एका सकाळी मी डबा भरून राहिले होते, तर शेजारून ग्राइंडरचा असा आवाज आला की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. बाहेर येऊन बघते तर काका त्यांच्या जुन्या गाडीच्या टपावर चढून टप कापून राहिले होते.

ही गाडी म्हणजे काकांची सातसीटर. मुलं घरी होती तेव्हा घेतलेली. मग मुलगा पुण्याला गेला, मुलगी हैदराबादला गेली आणि गाडी अंगणात उभी राहिली. तिच्या मागच्या सीटवर काकूंच्या कुरड्या वाळायच्या.

आमचे हे प्लांटच्या ऑफिसात क्लार्क आहेत, त्यांना कागदाची फार काळजी. ते कुंपणापाशी जाऊन म्हणाले, "काका, हे काय करून राहिले?"

"पिकप बनवून राहिलो."

"कशाले?"

"हिले मायकडे न्यायचं हाय. डब्यात बसत नाही तर डब्याचं झाकन काढून टाकतो. मांगं उघड्यात बसंल आरामात."

"अन् आरटीओ?"

"आरसीवर सात सीटा लिवल्या हायत. मी तर कमीच करून राहिलो. कमी केल्यावर कावून पकडतीन?"

मी म्हटलं, एखादं पिकप भाड्यानं का नाही घेत? यावर काका माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच अपराध्यासारखं वाटलं. "आलूच्या बोऱ्यावानी नेऊ का हिले?" त्यांनी विचारलं. पुण्याच्या मुलानं व्हिडिओ कॉलवर कापलेली गाडी बघितली आणि घाबरून हिंदीत शिरला. "पापा, आप ये सब रहने दो, मैं कुछ करता हूँ." काकांनी फोन काकूंकडे दिला आणि ग्राइंडर चालू केला.

नियम एकच होता, नवीन काही आणायचं नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागचा सगळा टप गेला. डिक्कीचं दार काचेसकट उचलून ड्रायव्हरच्या पाठीशी आणून जोडलं, म्हणजे पुढच्या भागाला भिंतही झाली आणि मागं बघायला खिडकीही झाली. हे डोकं मात्र खरंच चांगलं चाललं होतं, मान्य करायला पाहिजे. मग मागचा हौदा करायला काकांनी खुर्सीपार वस्तीतल्या कबाड्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, लोखंडी प्लेटा आणल्या आणि तिथं घोटाळा झाला.

आमच्या गावात माणसं लोखंडात वाढतात, त्यांना पातळ पत्रा ठाऊकच नाही. काकांनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला कपडे वाळवायचं एक स्टँड बनवून दिलं होतं. ते गच्चीवर चढवायला चार माणसं लागली आणि आता घर विकलं तरी ते इथंच राहणार. गाडीलाही त्यांनी मिलच्या फ्लोअरला घालतात तसल्या जाड प्लेटा ठोकल्या. वेल्डिंग संपलं, खालचे टेकू काढले आणि गाडीचं मागचं अंग असं बसलं की पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकली. सगळी गल्ली बघायला आली. काका गाडीभोवती फिरले, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"जरा वजन झालं," ते म्हणाले.

परत कापाकापी. खुर्सीपारहून येणारा वेल्डर तर पार वैतागला होता, पण त्याचं दुखणं प्लेटांचं नव्हतं, काकांचं होतं. काका एका जागी थांबतच नसत. प्लेट धरून उभे राहायचे आणि मधेच ती सोडून घरात पळायचे. दोन मिनिटांत परत यायचे, पाना उचलायचे, ठेवायचे, पुन्हा घरात. एकदा तर जोड गरम असतानाच हात काढला आणि प्लेट वेल्डरच्या बुटावर पडली. "बाबा, पकड़े हो तो पकड़े रहो ना," तो ओरडला. "अंदर क्या दूध चढ़ाए हो?"

मी कुंपणावरून हसले. काकांच्या बुडाला भिंगरी आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, आता खुर्सीपारलाही कळलं.

एका दुपारी मी कढी द्यायला गेले. काकू स्वयंपाकघरात भाजी चिरत बसल्या होत्या, मी त्यांच्याजवळ पाटावर टेकले. बाहेर ग्राइंडर थांबला. काका चपला वाजवत आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सिंधू, दार उघडं हाय." एवढंच. काकूंनी मान हलवली, काका गेले. ग्राइंडर चालू झाला, थोड्या वेळानं थांबला, परत चपला. "सिंधू, दार उघडं हाय."

मी काकूंकडे बघितलं.

"असंच करतेत," काकू म्हणाल्या. "एकटी असली का मले वाटते, दार लागलं. जीव घाबरा होते. म्हनून हे सांगून जातेत."

"दिवसभर?"

"रातचीबी. मी जागी झाली का हे उभेच असतेत दारात. म्हनतेत, हाय मी, झोप तू."

"मग काका झोपतात केव्हा?"

काकूंनी भेंडी ताटात ठेवली. "तेच तर मले समजत नाही, सुनीता. पोट्टे दूर गेले. हे कोनाले सांगत नाहीत. म्हनतेत, रिलीव्हर नाही हाय, तं ड्युटी माझीच."

मला त्यानंतर त्या कुंपणापाशी हसू आलं नाही. काकांचं ते उभ्यानं जेवणं, अंगणातल्या चकरा, एका जागी न टिकणं, या सगळ्याच्या मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नकला करून लोकांना हसवलेलं होतं.

मग साकोलीकडून फोन आला. आजींनी जेवण सोडलं होतं. काकूंचा भाऊ म्हणाला, यायचं असेल तर आता या.

त्या दिवशी काकांनी वेल्डरला घरी जाऊच दिलं नाही. जाड प्लेटा उतरवल्या, त्यांच्या पट्ट्या करून हौद्याला जाळीसारख्या लावल्या, गाडी बरोबर उभी राहिली. मधल्या रांगेची जुनी सीट आणून हौद्यात बोल्टनं आवळली, सीटबेल्टसकट. वर लोखंडी कमानीवर शेतात लावतात ती हिरवी जाळी, उन्हासाठी. रंग काही झाला नाही. अर्धी गाडी पांढरी, अर्धी गंजलेली.

सकाळी काकू नवं लुगडं नेसून, डोक्याला रुमाल बांधून हौद्यात चढल्या. मी डबा द्यायला म्हणून गेले होते, तर काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"मास्तरीनबाई, तू चालव."

"मी? आणि तुम्ही?"

"मी मांगं बसतो हिच्यापाशी."

"तुम्ही बसता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बसतो," काका म्हणाले, आणि हौद्यात चढून उभे राहिले.

आमचे हे आरटीओ आरटीओ करत राहिले. मी शाळेत सुट्टीचा मेसेज टाकला आणि गाडी काढली. स्टिअरिंग एका बाजूला ओढत होतं, पण चालत होती. मधल्या आरशात डिक्कीच्या काचेतून मला मागचं सगळं दिसत होतं. काकूंनी एका हातानं सीट आणि दुसऱ्या हातानं काकांचा सदरा घट्ट धरला होता. काका कमानीचा पाइप धरून उभे. ऑटोवाले मान वळवून बघत होते. दुर्ग आलं. गाडी हळू केली, माझ्या बाजूची काच थोडी उघडीच होती, मागून आवाज आला.

"दुर्ग गेलं ना जी?" काकू विचारत होत्या.

"गेलं," काका म्हणाले.

काकूंनी काकांचा सदरा सोडला आणि पदर सावरला. पुढं एका नाक्यावर हवालदारानं हात दाखवला. तो गाडीभोवती फिरला, सीटवर ऐसपैस बसलेल्या काकूंकडे बघत राहिला. "ये कौन सी गाड़ी है, बाबा?"

"घर में बनाए हैं साहब," काका वरूनच म्हणाले. "इनको माँ के पास ले जा रहे हैं. बंद गाड़ी में डरती हैं."

हवालदारानं बोल्ट हलवून बघितले. "पक्का तो बनाए हो," तो म्हणाला. "धीरे ले जाना, मैडम."

त्याच्यानंतर पुढच्या उतारावर मी आरशात बघितलं तर काका दिसेनात. मग नीट बघितलं. काका सीटवर बसले होते. बसले होते आणि झोपले होते. डोकं काकूंच्या खांद्यावर, तोंड उघडं. काकूंनी आरशातून माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. मी गाडी इतकी हळू केली की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले.

गावात पोचलो तर काकूंचे भाऊ, भावजया सगळे गाडीपाशी धावले. अंगणात बाजेवर आजी पडल्या होत्या, इतक्या लहान की गोधडीत दिसत नव्हत्या. भाऊ काकांना हलवायला हात पुढे करू लागला, तर काकूंनी त्याचा हात धरला. आईपासून दहा पावलांवर बसलेली बाई, इतक्या दिवसांची वाट बघणं, पण जागची हलली नाही.

"उठवू नोको त्याहिले," काकू म्हणाल्या. "लय दिवसाची ड्युटी झाली. आता मी हाव ना."

मग भावांनीच आजींची बाज उचलली आणि गाडीला आणून टेकवली. आजींनी चाचपत हौद्याच्या पट्ट्यांतून हात आत घातला.

"सिंधे, आली का वं?"

"आलो आई," काकू म्हणाल्या, अगदी हळू, आणि आजींना ते ऐकू गेलं. काका मात्र जागे झाले नाहीत, काकूंच्या खांद्यावर घोरतच राहिले.