दाजींचा कोट आणि माझी चौकट

माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाचा कोट भर मांडवात फाटला. पण चूक माझ्या मापाची नव्हती. तुम्ही पुढं वाचा.

कुरुंद्यात माझं टेलरिंगचं दुकान. चौऱ्याहत्तर साली मी मापाचा शास्त्रशुद्ध उपाय शोधला! कारण माणूस दोनदा सारखा उभाच राहत नाही. कोंडीबाची छाती सरपंच दिसला की छत्तीस, बायको दिसली की बत्तीस. शर्ट शिवायचा तो कुठल्या कोंडीबाचा?

म्हणून चौकट केली. जमिनीवर चुन्याची दोन पावलं. आढ्याला सुतळी, सुतळीला हळकुंड. त्याला नाकाचा शेंडा टेकवायचा. दोन्ही हात पसरून बाजूच्या खुंट्या धरायच्या. मग श्वास सोडायचा नि दगड व्हायचं. पुढून, मागून, बाजूनं कितीही वेळा मोजा, सूतभर फरक नाही!

पहिला मान होणाऱ्या दाजींचा. हरिचंद दाजी तीनदा उभे राहिले, तिन्हीदा माप तेच!

"मेव्हण्याचं डोकं इंजिनेरचं हाय!" ते म्हणाले.

मनकर्णा एवढंच म्हणाली, "दादा, माझ्या लग्नात तुझी अक्कल चालवू नको."

लग्नाच्या दिवशी पांढरा कोट असा बसला की बघत राहावं! फक्त दाजींचे हात खाली येईनात. वंदना सुरू झाली. सगळ्यांनी हात जोडले. दाजी मात्र दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे.

सोजरामावशी कुजबुजली, म्हणजे अख्ख्या मांडवानं ऐकलं, "पोरगं हात काहून जोडून न्हाई राहिलं? पोरगी पसंत न्हाई का?"

बौद्धाचार्य थांबले. "हरिचंद, वधू पसंत हाय ना?"

कोट श्वास सोडलेल्या छातीचा! दाजींनी तोंड उघडलं, पण आवाज बाहेर येईना. डोळे तेवढे आले.

"बोला की, जावई!" आमच्या बाबांनी विनवलं. मनकर्णाच्या डोळ्यांतून टिपं गळायला लागली. खरं कारण मला एकट्याला माहीत. मान खाली घालून पुढं झालो.

"दाजी, श्वास घ्या! मरू द्या कोट!"

दाजींनी श्वास घेतला.

"व्हय!"

एक बटण आचार्यांच्या चष्म्यावर, दुसरं मावशीच्या कुजबुजत्या तोंडात, आणि पाठीची शिवण मानेपासून कमरेपर्यंत! लग्न लागलं. मी संध्याकाळपर्यंत वरणाच्या पातेल्यामागं बसून होतो. मनकर्णा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, नि माझ्याकडं न बघता गाडीत बसली. अजून बोलत नाही.

मी नवा कोट शिवला आहे. माप चौकटीतलंच.

सबब मेहेरबान तहसीलदार साहेब, मुक्काम वसमत, यांचे सेवेशी अर्ज करतो की, हरिचंद दाजींनी यापुढे हयातभर हात पसरून, श्वास सोडून व नाक पुढे करून राहावे, असा लेखी हुकूम व्हावा. म्हणजे कोट बराबर बसेल व बहीण बोलेल. अर्जासोबत हळकुंड जोडले आहे.