केयूररावांच्या तीनशे घोड्यांची मोजदाद

श्रीनृसिंह पोखर्णीकर प्रसन्न. शके १९४७ मार्गशीर्षमासी परभणी प्रांती जे घनघोर मोजमाप जाहले, त्याची हकीकत पुढिलांस ठाऊक असावी म्हणोन लिहिली, ती ऐशीजे :

बापूसाहेब कारकून यांचे चिरंजीव केयूरराव यांणी पुण्याहून जुनी लाल स्पोर्ट्स कार आणिली, आणि तीत तीनशे घोड्यांचे बळ आहे ऐसा डंका मुलुखभर पिटिला. मग भावी श्वशुर, वालूरचे जमीनदार चंद्रभानराव, यांणी फर्मान काढिले की, घोडे तीनशे भरले तर वरात मोटारीतून. एक जरी उणा निघाला तर कन्या भक्तीचे नवरदेव आमचे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसोन मिरवतील. केयूररावांची पंचाईत जाहली, कारण की दोस्तमंडळीत वरातीची शेखी मिरवोन चुकले होते.

मग परभणीस दत्तराव मिस्त्रींचे कारखानी स्वारी दाखल जाहली. तेथे डायनो नामे यंत्र. मोटार पट्ट्यांनी जखडोन रुळांवर जागचे जागी पळवावी आणि बळ तोलावे, मोंढ्यात कापूस तोलितात तैसे. चंद्रभानरावांच्या मातोश्री चतुराबाई खासा हजर. त्यांणी नारळ वाढविला, आणि झेंडूचा मांडीएवढा हार मोटारीचे मुखावर गच्च बांधिला. मग मिस्त्रींनी पेडल दाबिले, आणि ऐशी गर्जना जाहली की शेजारील गिरणीवाला दळण टाकोन पळाला. आकडा उमटला : दोनशे एक्केचाळीस. केयूरराव मटकन टायरावर बसले.

मिस्त्रींनी वाकोन पाहिले. "आजी, गाडीच्या नाकावर झेंडू दाबलाय तुमी. ती दम कुठून घील?"

"मंग आधी सांगायला काय झालतं? मला काय ठावं हिचं नाक कुठं अन् तोंड कुठं!"

हार उतरविला, आणि मग दुसरी चढाई जाहली : दोनशे सत्त्याण्णव.

"तीन कमीच हाईत की, जावईबापू," चंद्रभानराव मिशीत हसले. "ट्रॉली धुवायला सांगू का?"

केयूरराव यंत्राचा आकडा पुन्हा वाचो लागले. तो चतुराबाई गरजल्या, "पूर्ण्याच्या बँडवाल्याचे तीन घोडे आणा, अन् लावा गाडीच्या म्होरं. दोनशे सत्त्याण्णव अन् तीन किती होतेत रे, चंद्रभान?"

चंद्रभानराव मातोश्रींपुढे बेरीज चुकवू शकले नाहीत.

मग लग्नदिनी तिन्ही घोडे पूर्ण्याहून टेम्पोत बसोन आले, आणि आघाडीस तीन व बॉनेटाखाली दोनशे सत्त्याण्णव ऐशी फौज वालुरात निघाली. आघाडीचा एक घोडा वृद्ध, दर उकिरड्यापाशी थांबे. सबब समस्त तीनशे त्याचेच चालीने चालिले, आणि वेशीपासोन मंडपापर्यंत अडीच तास लागले. मुहूर्त टळला, परंतु ट्रॉली टळली. येणेप्रमाणे केयूररावांची फत्ते जाहली, ती येथे दाखल केली असे. मोर्तब.