मागणी क्रमांक अकरा

पदव्युत्तर विद्यार्थी कल्याण समितीच्या पहिल्याच बैठकीत पंचशीलाने एकच मागणी मांडली आणि तिथेच तिचं चुकलं.

"पीजीच्या इमारतीतलं मुलींचं बाथरूम उघडा. बस्स."

अध्यक्ष शिवशंकर यांनी गॉगल कपाळावर सरकवला. दोन वर्षांचं एम.ए. ते चौथ्या वर्षी करत होते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रश्नांचा त्यांचा अभ्यास इतर कुठल्याही अभ्यासापेक्षा दांडगा होता.

"ताई, एक मागणी म्हंजे नुस्ती तक्रार. निवेदन म्हटलं की अकरा लागतात."

"पर आमाला लागतंय एकच न!"

"प्राचार्यांना दहा नामंजूर करायला नकोत का? माणसाला जरा मोकळीक द्यावी लागती."

बाथरूमची हकिकत साधी होती. दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयात तपासणी समिती आली, तेव्हा ते बांधलं. चकचकीत फरशी, आरसा, कोपऱ्यात मनीप्लांट. समितीने पाहिलं, वाहवा केली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी मुख्य लिपिक मोहनरावांनी कुलूप घातलं. वापरलं तर खराब होईल, हे त्यांचं कारण.

पंचशीला सकाळच्या एसटीने चौसाळ्याहून निघायची. एम.एस्सी.ची प्रॅक्टिकलं पाचपर्यंत चालत. ऐन एप्रिलात मुली घोटभर पाण्याला भ्यायच्या. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या चैतालीला तर गेल्या महिन्यात सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, रोज तीन लिटर पाणी प्या. चैताली म्हणाली, "सर, मग आधी त्या कुलपाला गोळ्या द्या."

पंचशीला आधी थेट मोहनरावांकडेच गेली होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं एकेकट्याने येऊ नये. समितीमार्फत या." म्हणून ती समितीत महिला प्रतिनिधी झाली.

तर अकरा मागण्या जमल्या. वेळेवर शिष्यवृत्ती, वायफाय, मोटारसायकलींना शेड, गॅदरिंगला डीजे, अध्यक्षांना फिरती खुर्ची वगैरे. बाथरूम अकरावं. "शेवटचं लक्षात राहतं," शिवशंकर म्हणाले. निवेदन देताना फोटो हवा, फोटोला शाल हवी, म्हणून प्राचार्यांचा सत्कार झाला. सत्कार इतका रंगला की निवेदन टेबलावर उलटं पडून राहिलं आणि त्यावर कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स ठेवला.

आठवडा गेला तरी उत्तर येईना. मग शिवशंकर यांनी ठेवणीतला डाव काढला.

"आधीच आभार मानायचे. माणूस लाजंनं तरी काम करतो."

दुसऱ्या दिवशी बरोबर त्या बाथरूमच्या दारावर दहा बाय आठचा फ्लेक्स लागला. 'सततच्या पाठपुराव्याला यश! विद्यार्थिनींचे प्रसाधनगृह खुले केल्याबद्दल मा. प्राचार्यांचे जाहीर आभार.' मध्ये फोन कानाला लावलेले शिवशंकर. खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, महिला प्रतिनिधी. कुलूप आता दिसतसुद्धा नव्हतं.

प्राचार्य तिथून गेले, थांबले, त्यांनी वाचलं आणि समाधानाने मान डोलावली. दुपारी निवेदनावर शेरा पडला: 'मागणी क्र. ११ पूर्ण. प्रकरण निकाली.'

पंचशीला तणतणत समितीत आली. "अध्यक्षसाहेब, आता तर फाईलच बंद झाली! कावून लावला तो फ्लेक्स?"

"उलट बरं झालं. काम झालंय, उद्घाटन ऱ्हायलंय. आमच्या कारभारी अण्णांच्या हातनं फीत कापू. अण्णा दारात उभे असल्यावर किल्ली आणणार न्हाईत, अशी कुणाची छाती हाय?"

कारभारी अण्णा म्हणजे शिवशंकरांचे सख्खे चुलते आणि तालुक्याचे नेते. त्यांची पहिली तारीख लग्नात गेली, दुसरी दहाव्यात. तिसऱ्या तारखेला ते खरोखर आले. उमापूरला एका दुकानाचं उद्घाटन करून आले होते. तिथे उसाचा रस झाला होता, वाटेत तीन ठिकाणी चहा. त्यात अण्णांना शुगर.

फ्लेक्स बाजूला सरकवला होता, दाराला लाल फीत बांधली होती. पंचशीलाच्या हातात कात्रीचं ताट. पण फितीच्या आधी सत्कार. सत्काराला चौदा जण. सहाव्या नारळाला अण्णांनी पाय बदलला. नवव्याला परत बदलला. अकराव्याला ते पुतण्याच्या कानाशी लागले.

"शिवा, कुठं जाता येतंय का रे?"

"अण्णा, पोरांच्या बाथरूमला दार न्हाई. आन् पाणी पण न्हाई."

"मग हे पुढ्यात काय हाय बे?"

"ह्याला अजून कुलूप हाय."

"किल्ली आणा!" अण्णा असे ओरडले की टाळ्या पडल्या. लोकांना ते भाषण वाटलं.

सगळ्यांनी मोहनरावांकडे पाहिलं. मोहनरावांनी चपलांकडे पाहिलं. मग ते प्राचार्यांना हळूच म्हणाले, "सर, किल्ली न्हाई. कुलूप घातलं त्याच दिवशी हरवली."

पंचशीलाने ताट शिवशंकरांच्या हातात दिलं, प्रयोगशाळेत धावली आणि लोखंडी स्टँड घेऊन आली. दोन घाव. कुलूप खाली पडलं. कात्रीसाठी थांबायला अण्णांना वेळ नव्हता. ते फीत छातीवर घेऊनच आत गेले. बाहेर बँडवाल्यांनी आपलं काम सुरू केलं.

पंचशीला मोहनरावांपुढे उभी राहिली. "सर, दोन वर्षं सांगितलं का न्हाई? मला समितीमार्फत कशाला पाठवलं?"

"मला वाटलं, समितीत गेलीस की विसरशील," मोहनराव प्रामाणिकपणे म्हणाले. "आजवर सगळे विसरले."

अण्णा बाहेर आले. चेहरा निवळला होता. त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं: "अडवून धरलं की लई हाल होतात. हे आजपासून पोरींचं."

टाळ्या चालू असतानाच पंचशीलाने पर्समधून आईच्या पेटीचं कुलूप काढून कडीत अडकवलं. एक किल्ली चैतालीकडे, एक स्वतःकडे. मुली पाण्याच्या बाटल्या भरायला गेल्या.

पुढच्या सोमवारी विद्यापीठातून एक मॅडम आल्या. मोहनराव धापा टाकत प्रयोगशाळेत आले. "पंचशीला, जरा किल्ली दे गं."

तिने ब्यूरेटवरची नजर काढली नाही. "असं एकेकट्याने येऊ नये, सर. समितीमार्फत या. आन् मागण्या अकरा आणा."

मोहनराव कार्यालयात जाऊन टाईप करायला बसले. चौथ्या मागणीपाशी ते अडले, तोवर चैतालीने मॅडमना नेऊन आणलंही होतं. पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही. फाईल चालू होती.