हानिया कोतोचा उजवा हात

“माझ्या बोटांवर जंतू? अहो, जंतूलाही स्वतःचा जीव प्यारा असतो!”

जेवणाच्या सुट्टीत घेवडा-भाताचा घास घेता घेता हानिया कोतो असं म्हणाली, की समोरच्यानं मुकाट मान डोलवायची. कार्तागो शहरातल्या त्या कारखान्यातला हा अलिखित कायदाच होता म्हणा ना!

कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनत. त्या निर्जंतुक आहेत की नाहीत, हे तपासायचं काम हानियाचं. नखशिखान्त झाकून काचेच्या खोलीत शिरायचं, नळ्या जंतूंना पोसणाऱ्या सूपासारख्या पाण्यात बुडवायच्या, ऊब द्यायची. पाणी गढूळ झालं की माल बाद! आणि काम संपलं की स्वतःची हातमोज्यातली बोटं जेलीच्या बशांवर टेकवायची. बोटांना जंतू असतील तर चार दिवसांत बशीत ठिपके उगवणार.

दरवर्षी हीच परीक्षा. तीनदा नापास झालं की गाशा गुंडाळून खोकी बांधायच्या खात्यात! हानियाला त्याची काय भीती?

यंदा डावी बशी लख्ख निघाली. उजवीत मात्र थालीपिठावर तीळ पेरावेत तसे ठिपके!

“हातमोजेच भिकार आहेत!” हानिया कडाडली. मोजे बदलले. मग हाताखालच्या योर्लेनीच्या अत्तरावर खापर फुटलं. बिचारीनं अत्तर सोडलं. दुसऱ्या खेपेला उजव्या बशीत तिळांचा नुसता सडा!

“माझ्या उजव्या हाताला दृष्ट लागलीय गं कुणाची तरी!” हानिया रडकुंडीला आली. “खोकी बांधू का आता या वयात?”

साहेब, म्हणजे डॉन ओल्मान (‘डॉन’ म्हणजे तिकडचं आपलं ‘राव’), त्या खेपेला काचेबाहेर उभेच होते. “डोळ्यांत तेल घालून पाहिलं मी. कुठ्ठे चूक नाही!”

“साहेब,” योर्लेनी हळूच म्हणाली, “काम सुरू करताना ताई कपाळ, छाती, दोन्ही खांदे चाचपतात आणि मग स्वतःच्या बोटांचा मुका घेतात. ते कशासाठी?”

योर्लेनीचं चर्च निराळं, तिच्याकडे क्रुसाची खूण करायची पद्धतच नाही. बाकी कार्तागोत ती श्वासासारखी. श्वास घेताना कुणी कुणाकडे बघतं का?

“अगं, ते काय मोजायचं?” डॉन ओल्मान चाचरले. “मीसुद्धा इकडून तेच करत होतो!”

हानियाच्या तोंडावरचा मास्क बडबडीनं कायम ओला. त्याच्यावरच ती मोज्यातली बोटं टेकवत होती!

“म्हणजे जंतू येऊ नयेत म्हणून मी मरियामातेला साकडं घालत होते आणि त्यानंच...” तिनं कपाळावर हात मारला. “आणि दुसऱ्या खेपेला तर मी जास्त भक्तीनं तीनदा केलं हो! धन्य माझी!”

ती स्वतःच खो खो हसत सुटली. पण आता शेवटची संधी.

तिसऱ्या खेपेला काचेबाहेर अख्खं खातं लोटलं. हानिया आत शिरली आणि उजवा हात आपोआप कपाळाकडे निघाला. डाव्यानं त्याचं मनगट पकडलं, द्वाड बोकडाची दोरी धरावी तसं. हातानं एक हिसका दिला, पण नमला. एकेक नळी पाण्यात गेली. शेवटची बाटली बंद झाली. कपाळाला बोट नाही, मास्कला बोट नाही!

राहिलं फक्त बशांवर बोटं टेकवायचं. बाहेरून डॉन ओल्माननी अंगठा उंचावला. जिंकलीस बाई!

“सुटले गं, मरियामाते!” हानियाचा ऊर भरून आला... आणि हात गेला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, मुका!

काचेबाहेर डॉन ओल्मानसकट सगळ्यांचे हात तिच्याबरोबर वर गेले. एकटी योर्लेनी तेवढी डोळ्यांवर हात घेऊन उभी होती.

हल्ली हानिया खोकी बांधते. दर खोक्याआधी मनसोक्त क्रुसाची खूण करते आणि नव्या पोरींना ऐटीत सांगते, “माझ्या खोक्यात जंतू? अगं, हवे तेवढे असू देत, इथं विचारतंय कोण!”