तिकिटांच्या वेबसाइटीत चुकांस नावे दिल्याची हकीकत

विघ्नहर्ता समर्थ. विघ्न हरावे ते त्याने, परंतु विघ्न आले हे कळवावे मनुष्याने. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सर, ते समयी एक राज्य होते आणि तेथे ऐसी रीत होती की खावंदांस, म्हणजे राज्याचे सरकारांस, वाईट वार्ता कोणी सांगो नये. बुरूज ढासळला तर गडावर हवा खेळती जाहली म्हणावे. सरकारांस नाटकांचा शौक भारी, म्हणोन तिकिटांकरिता वेबसाइट उभारावी ऐसी आज्ञा जाहली, आणि कोडनवीस भिवराबाई रांगणेकर यांणी ती पीएचपी नामे संगणकाचे भाषेत उभारिली, आणि दरबारची रीत तीतही घातली: आत काहीही बिघडो, चूक पोटात ठेवावी आणि रयतेस 'तिकीट मिळाले' म्हणोन सांगावे. मग पहिल्याच प्रयोगास एकेका खुर्चीवर दोन दोन धनी आले, आणि मामलेदार व त्यांची विहीण हातघाईस आली, आणि तिकडे नायिका प्राण सोडीत असता लोक तिजकडे पाठ करोन हे युद्ध पाहते जाहले.

कारभारी नारोपंत बाईंस म्हणाले, "उद्या सरकार स्वतः तिकीट काढणार. पुन्हा घोळ जाहला तर कोडनविशी गेली म्हणून समजा." ते काम बाईंस जिवापाड प्रिय. मग त्यांणी मनाशी म्हटले की चूक लपविली म्हणोनच माजली, आणि पदर खोचोन सारा कोड उलगडिला, आणि दर चुकेस नाव दिले. खुर्ची आधीच गेली असेल तो 'खुर्चीभंग', डेटाबेस, म्हणजे तिकिटांचे दफ्तर, उत्तर न देई ते 'डेटाबेसमौन'. आणि हुकूम केला की, ज्या फंक्शनास, म्हणजे कोडातील ज्या कारकुनास, चूक निस्तरता येईल त्याने निस्तरावी, न येईल त्याने आपले वरच्याकडे फेकावी, आणि कोणीच न झेलिली तर म्हणोन सर्वांवर एक शेवटचा झेलणारा बसविला. त्याने आतली हकीकत लॉगात, म्हणजे वेबसाइटीचे रोजनिशीत, लिहावी आणि रयतेस गोड शब्दांत खरे तेच सांगावे.

दुसरे दिवशी भर दरबारी सरकारांनी पहिल्या रांगेची मधली खुर्ची मागितली. ती गावच्या एका सुईणबाईंनी आधीच घेतली होती. तो पडद्यावर उमटले, "क्षमा असावी, ही खुर्ची गेली. खांबामागची शिल्लक आहे, चालेल काय?" नारोपंत कपाळास हात लावोन पुटपुटले, "बाई, निदान खावंदांपुरते तरी खोटे बोलायचे होते."

"मग त्या खुर्चीत सरकार आणि सुईणबाई दोघे बसतील, पंत," भिवराबाई म्हणाल्या.

सरकारांनी ते ऐकिले, आणि पडदा पुन्हा वाचिला, आणि मग पोट धरोन हसले. म्हणाले, "आम्हांस 'नाही' म्हणणारी या दरबारात ही वेबसाइटच एक दिसते. खांबामागची द्या." आणि मग नारोपंतांकडे वळोन हळूच विचारिले, "पंत, आणखी काय काय गेले आहे?" पंत मान खाली घालोन ढासळल्या बुरुजापासोन सांगो लागले, आणि त्यांचे पाहोन एकेक सरदार सांगो लागला, ते नाटकाची वेळ होई तो चालिले.

एणेप्रमाणे कोडनविशी भिवराबाईंकडे कायम जाहली. सरकारांस खांबामागोन नाटक अर्धेच दिसले. राज्य मात्र त्या दिवसापासोन पुरते दिसो लागले.