बहात्तर तासांचा चेहरा

मोजणीदारांनी त्या आठवड्यात बायकोचं ऐकायचं ठरवलं, पण ऐकलं अर्धंच. पुढचा सगळा घोळ त्या उरलेल्या अर्ध्याने घातला.

मोजणीदार म्हणजे जमिनीची मोजणी करणारे सरकारी गृहस्थ. तीन पायांच्या स्टँडवर दुर्बिणीचं यंत्र चढवायचं, डावा डोळा गच्च मिटायचा, उजवा दुर्बिणीला लावायचा आणि कुणाची हद्द कुठे संपते ते सांगायचं, हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. लोकांच्या भांडणात त्यांचा शब्द शेवटचा असे. (घरी तो पहिला असे. शेवटचा बायकोचा.)

एवढ्या वर्षांत त्यांना एक गोष्ट मात्र कधीच जमली नव्हती, ती म्हणजे फोटोत डोळे उघडे ठेवणं. लग्नाच्या अल्बममध्ये एकशे चौदा फोटो होते आणि एकशे चौदा फोटोंत नवरदेव गाढ झोपलेले होते. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत मुलगी टक्क जागी, तिच्या हातातला कापडी ससासुद्धा टक्क जागा, बाप तेवढा निजलेला. "बघणाऱ्याला वाटतं, मी बेशुद्ध माणसाशी संसार केला," असं बायको म्हणायची. ती शाळेत ग्रंथपाल होती. पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या लिहून लिहून तिचं अक्षर मोहरीएवढं झालं होतं आणि बोलणंही तेवढंच बेताचं. लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती त्या रविवारसाठी तिने एकच मागणी केली. पाहुणे नकोत, दागिना नको, फक्त स्टुडिओत जाऊन दोघांचा एक धड फोटो काढायचा. रविवारी संध्याकाळी पाचची वेळ तिने महिनाभर आधीच घेऊन ठेवली होती.

आणि नेमकी गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशी तीन दिवसांची मोजणी उघड्या माळावर निघाली. भर उन्हाळा, आणि माळावर सावली देणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे मोजणीदार स्वतः.

"त्या माळावरून तुम्ही येता ते भाजलेलं वांगं होऊनच येता," बायको म्हणाली आणि बुधवारी औषधाच्या दुकानातून सनस्क्रीनची ट्यूब घेऊन आली. "दर दोन तासांनी लावायचं. टोपी घालायची. मानेला रुमाल बांधायचा. एवढं तीन दिवस करा, मग काही मागणार नाही."

मोजणीदारांनी खोका हातात घेतला. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'एकदा लावा, बहात्तर तास निश्चिंत राहा'. ही जाहिरात त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. त्यातली बाई गालाला बोटभर क्रीम लावते, मग डोंगर चढते, समुद्रात पोहते, घोड्यावर बसते आणि शेवटी सूर्याकडे बघून अशी हसते की सूर्यालाच ओशाळं वाटावं. तिच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि मानेला रुमालही नव्हता.

"अगं, बहात्तर तास लिहिलंय."

"जाहिरात आहे ती. दुकानदार दोन तास म्हणाला."

"तो म्हणणारच. दोन तासांनी लावली की ट्यूब तीन दिवसांत संपते, मग त्याची दुसरी खपते. हे मात्र छापलेलं आहे. छापण्याआधी कुणीतरी सही केली असणार."

"त्या सहीवर माझा फोटो अवलंबून आहे," बायको म्हणाली आणि आत गेली.

आता यात मोजणीदारांचा दोष होता, पण सवयीचाही होता. त्यांच्या कचेरीत जे कागदावर असतं तेच असतं. नकाशात झाड असेल आणि जागेवर नसेल, तर झाडाचं चुकलं असं धरतात. शिवाय हिशेबही चोख जुळत होता. गुरुवारी सकाळी सातला लावलं की रविवारी सकाळी सातला मुदत संपणार. कंपनीने त्यांचा दौरा बघूनच ते क्रीम काढलं असावं.

मोजणीतला दुसरा नियम असा की एकदा खूण रोवली की काम संपेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. तो नियम मोजणीदारांनी स्वतःच्या चेहऱ्याला लावला. गुरुवारी सातच्या ठोक्याला त्यांनी क्रीम थापलं आणि ठरवलं की आता रविवारपर्यंत तोंड धुणं नाही, दाढी नाही, घाम पुसणं नाही. वीस वर्षांची जुनी टोपी खुंटीलाच राहिली.

माळावर त्यांच्याबरोबर काठीवाले मामा होते. लांब जाऊन आकड्यांची उभी काठी धरायची आणि दुर्बिणीतून इशारा येईपर्यंत हलायचं नाही, हे त्यांचं काम. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या मामांनी डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला होता आणि कमरेला छत्री बांधली होती.

"साहेब, टोपी?"

"आज गरज नाही, मामा. बहात्तर तासांचं लावलंय."

मामांनी आकाशाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि टॉवेल आणखी पुढे ओढला. अकरा वाजता साहेबांच्या गालांवरून पांढरे ओघळ कॉलरकडे निघाले.

"साहेब, उतरतंय तुमचं."

"उतरत नाही, मामा. आत मुरतंय."

दुपारी जमिनीच्या मालकीणबाई आल्या. वय पंचाहत्तर, हातात जुना नकाशा. "साहेब, या कागदात विहीर माझ्या हद्दीत आहे. त्या भरवशावर मी आठ वर्षं शेजाऱ्याशी भांडले. आता कचेरीतले म्हणतात, खात्री नाही."

मोजणीदारांनी नकाशा बघितला. आठ वर्षांपूर्वी तो त्यांनीच काढला होता. "आजी, विहिरीवर चांदणी आहे. चांदणी म्हणजे खाली टीप असते. ही बघा, 'जागा अंदाजे, प्रत्यक्ष मोजलेली नाही'."

"अहो, ही मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं मला कशी दिसायची?"

"दिसणं न दिसणं तुमच्याकडे, आजी. लिहिण्याचं काम आम्ही केलंय."

आजी नकाशाची घडी घालून गेल्या. संध्याकाळी मोजणीदारांनी हा किस्सा बायकोला मोठ्या ऐटीत सांगितला. तिचं लक्ष त्यांच्या गालांकडे होतं.

"लाल झालाय चेहरा. तोंड धुतलंत?"

"दुपारीच धुतलं." (पंचवीस वर्षांत त्यांनी खोटं बोलल्याची ही काही पहिली वेळ नव्हती, पण इतकं चिकट खोटं पहिलंच.)

शुक्रवारी वारा सुटला आणि माळावरची धूळ क्रीमवर येऊन स्थायिक झाली. चेहऱ्याचा रंग कुणालाच कळेना, त्यामुळे काळजीचं कारण उरलं नाही. शनिवारी गालांची आग व्हायला लागली. आग होतेय म्हणजे औषध अजून टिकून आहे, असा अर्थ मोजणीदारांनी काढला. मामा म्हणाले, "आमच्या गाडीचं इंजिन पण असंच टिकून होतं, साहेब. मग धूर आला."

रविवारी सकाळी बरोबर सात वाजता, एखाद्या पुतळ्याचं अनावरण करावं तसं मोजणीदारांनी साबण लावून तोंड धुतलं, दाढी केली आणि टॉवेल बाजूला करून आरशात बघितलं.

चेहरा विटेच्या रंगाचा झाला होता. नाकाची साल निघायला आली होती. पण खरी गंमत डाव्या डोळ्याची होती. तीन दिवस तो डोळा गच्च मिटलेला होता, म्हणून सुरकुत्यांच्या आतल्या कातडीला ऊन लागलंच नव्हतं. आता डोळा उघडला तरी त्याच्या कडेने पांढऱ्या रेघांचा पंखा पसरलेला दिसत होता. दोन्ही डोळे सताड उघडे ठेवूनही मोजणीदार समोरच्याला डोळा मारताहेत असंच वाटत होतं. त्यांनी आरशापासून लांब जाऊन बघितलं. लांबून तर जास्तच मारत होते.

बायको दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कपाटातली ट्यूब काढली, ती जवळपास भरलेलीच होती. मग इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेले स्वतःचे कपडे तिने पुन्हा कपाटात ठेवले. "असू दे," ती म्हणाली. "पन्नासाव्या वर्षी बघू."

त्या 'असू दे'ने मोजणीदारांना माळावरच्या उन्हापेक्षा जास्त चटका बसला. पंचवीस वर्षांत बाईने एक फोटो मागितला होता, आणि तोही एका छापील ओळीच्या भरवशावर आपण घालवला, याची त्यांना खरोखर लाज वाटली. लाज वाटली की मोजणीदार दुसऱ्या कुणावर तरी चिडत असत. त्यांनी खोक्यावरचा तक्रारीचा नंबर फिरवला.

"नमस्कार, आपली त्वचा म्हणजे आमचा परिवार," पलीकडून एक गोड आवाज आला.

"तुमचा परिवार भाजलाय," मोजणीदार म्हणाले. "बहात्तर तास म्हणून लावलं. दोन तास टिकलं नाही."

"ऐकून वाईट वाटलं, सर. आपण उन्हात गेला होता का?"

"सनस्क्रीन लावून मी काय पोटमाळ्यावर जाऊन बसू?"

"तसं नाही, सर. आपण बहात्तरवरची चांदणी पाहिलीत का? चांदणी म्हणजे खाली टीप असते."

मोजणीदारांनी खोका डोळ्यांजवळ नेला. "ती... ती दिसण्याएवढी नाही," ते म्हणाले.

"आम्ही लिहिली आहे, सर," गोड आवाज म्हणाला.

चांदणी सापडली. टीप खोक्याच्या घडीत, चिकटपट्टीच्या खाली होती आणि चष्म्याने वाचता येत नव्हती. भिंगानेही नुसते ठिपकेच दिसले. शेवटी मोजणीदारांनी जिद्दीने मोजणीचं यंत्र बाहेर काढलं, अंगणात स्टँडवर चढवलं, खोका दहा पावलांवर फाटकाच्या खांबावर ठेवला आणि डावा डोळा मिटून उजवा दुर्बिणीला लावला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी हातातली चादर तशीच धरून ठेवली.

"काय लिहिलंय?" मागून बायकोचा आवाज आला. ती केव्हा येऊन उभी राहिली ते त्यांना कळलंच नव्हतं.

मोजणीदार दुर्बिणीतून वाचू लागले. "बहात्तर तास हा सुगंध टिकण्याचा काळ. चाचणी बंद खोलीत, न घामेजलेल्या त्वचेवर. ऊन असल्यास दर दोन तासांनी लावावे."

"ऊन असल्यास," बायको म्हणाली.

"हो."

"त्या विहिरीवाल्या आजींना तुम्ही काय सांगितलं होतं हो?"

मोजणीदारांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. काढला असता तर बायकोकडे बघावं लागलं असतं. "उद्या जाऊन विहीर मोजतो," ते दुर्बिणीतच म्हणाले. मग म्हणाले, "आणि पाच वाजता स्टुडिओत जाऊ. तोंड कसंही असो. तुला उघडे डोळे हवे होते ना, ते मी देतो."

बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. डावा डोळा उगीचच मिश्कील दिसत होता. तिने आत जाऊन कपाट उघडलं.

फोटोग्राफर तरबेज माणूस होता. त्याने दोघांना बसवलं, दिवे लावले आणि कॅमेऱ्यात बघितलं. "काका, डोळा नका मारू."

"मारत नाहीये."

"बरं, आता दोन्ही उघडा." त्याने पुन्हा बघितलं. "काका, प्लीज. काकू शेजारी बसल्यात."

"सव्वीस वर्षं हा डोळा मी फक्त सरकारी कामासाठी मिटतोय," मोजणीदार चिडून म्हणाले.

फोटोग्राफरने पावडर आणली. ती विटेवर बसली, उजव्या डोळ्याच्या सुरकुत्यांतही बसली, आणि आता दोन पांढरे पंखे झाले. पावडर पुसताना सालीसकट थोडं नाक आलं. चौथ्या वेळी मोजणीदारांनी एवढा जोर लावून डोळे वटारले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आता कसं?" त्यांनी विचारलं.

"आता रडत रडत मारताय," फोटोग्राफर म्हणाला.

ते ऐकून बायको हसली. मोहरीएवढं नाही, पंचवीस वर्षांचं साठलेलं सगळं एकदम हसली, खांदे हलवून, डोळे पुसत. मोजणीदार तिच्याकडे बघतच राहिले, आणि फोटोग्राफरने त्याच क्षणी बटण दाबलं.

सोमवारी मोजणीदारांनी टोपी घालून, मामांच्या छत्रीत शिरून विहीर मोजली. ती आजींच्याच हद्दीत निघाली, चांगली दोन पावलं आत. त्यांनी चांदणी खोडली आणि नकाशावर बोटाएवढ्या अक्षरांत 'मोजलेली' असं लिहून दिलं. आजींनी त्यांचं तोंड न्याहाळलं आणि म्हणाल्या, "साहेब, या वयात शोभतं का डोळा मारणं?" पंधरा दिवसांनी कंपनीकडून दिलगिरीचं पत्र आणि एक नवी ट्यूब आली. तिच्यावर शहाण्णव तास लिहिलं होतं.

फोटो बैठकीत लावलाय. त्यात मोजणीदारांचे दोन्ही डोळे आयुष्यात प्रथमच उघडे आहेत, आणि हे जगात फक्त तिघांना माहीत आहे. बाकी सगळ्यांना बायको खळखळून हसताना आणि नवरा तिला राजरोस डोळा मारताना दिसतो. मोजणीदारांनी तक्रार केली तेव्हा बायकोने त्यांच्या डाव्या डोळ्यावर काचेवरच एक छोटी चांदणी काढली आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात आपल्या अक्षरात टीप लिहिली, 'डोळा मारलेला नाही. उन्हाचा परिणाम.'

पाहुणा फोटोकडे बघून हसायला लागला की मोजणीदार घाईघाईने म्हणतात, "खाली टीप आहे, टीप वाचा." पाहुणा वाकतो, डोळे बारीक करतो आणि सरळ होत म्हणतो, "दिसत नाही हो काही. पण असू दे, बायकोलाच मारलाय ना."