रेशन कार्डावरचं ‘आपलं ते’

दर दहा वर्षांनी आमच्याकडे रेशन कार्डावर दशकातली आवडती अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका लावून घ्यावी लागते, आणि या वेळची मुदत एकतीस तारखेला संपत होती.

नियम सोपा आहे. माणशी एक मालिका. नोंद झाली की आठ दिवसांत ती घरी येते आणि रोज एक भाग देते. नोंद करायची राहून गेली, तर मुदतीनंतर ती डोक्यातून काढून घेतली जाते. आमच्या गल्लीतल्या चौगुले सरांना मागच्या दशकात एक दिवस उशीर झाला होता. तेव्हापासून ते रोज सात वाजता वाटीत शेंगदाणे घेऊन भिंतीसमोर बसतात आणि साडेसातला उठतात. कशासाठी बसलो होतो, ते त्यांना सांगता येत नाही. मला हे चित्र डोळ्यांसमोर दिसत होतं, म्हणून मी रजा टाकून अठ्ठावीस तारखेलाच पुरवठा शाखेत गेलो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. रक्तात जे असेल ते लिहायचं, नसेल ते लिहायचं नाही, असं माझं सतरा वर्षांचं काम आहे. फॉर्मसुद्धा मी तसाच भरला होता. मालिकेचं नाव या रकान्यात लिहिलं होतं : आपलं ते.

खिडकीमागे मगदूम म्हणून कारकून होते. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

“आपलं ते म्हणजे कुठलं ओ?”

“तेच नाव आहे. घरी आम्ही तेच म्हणायचो. चल, आपलं ते लाव, असं.”

“जपानी नाव काय?”

मी पिशवीतून सीडीचा डबा काढून दिला. आठवडी बाजारात घेतलेला होता. डब्यावर सायकल घेतलेला लाल केसांचा मुलगा, मागे डोंगर आणि खाली जपानी अक्षरं. आत सव्वीस भाग. बोलणं सगळं जपानी, खाली भाषांतराची एक ओळही नाही. मगदूमांनी अक्षरं रजिस्टरशी ताडून पाहिली. ती त्यांना पटकन सापडली. या कामात ते तरबेज असावेत.

“हां. ही आहे. कथासार वाचतो, जुळलं की सही करा. शाळेतील विद्यार्थी सायकल शर्यतीचा सराव करतात. बरोबर?”

“नाही,” मी म्हणालो.

“नाही?”

“शर्यत नाहीच आहे त्यात. त्या मुलाची आई रुसून डोंगरावर राहायला गेलीय. तिला परत आणायला सगळे सायकली मारतायत. तो पांढऱ्या केसांचा आहे ना, तो तलाठी. त्याची बदली झालीय, पण निरोप पोचवल्याशिवाय तो चार्ज सोडत नाही.”

मगदूमांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. तिथे तलाठी नव्हता. आईही नव्हती.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. ही गोष्ट मला शालन आत्यानं सांगितली होती. घरात आम्ही दोघंच. आत्या बस स्टँडवर नियंत्रक होती. एकतीस वर्षं लोक तिला काहीही विचारत आले, आणि एकदाही तिनं “मला माहीत नाही” असं उत्तर दिलं नाही. जपानी तिला येत नव्हतं, पण तेवढ्यानं ती गप्प बसणारी नव्हती. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, “आत्या, भाषा कळणार नाही.” ती म्हणाली, “तोंड दिसतंय न्हवं त्यांचं? मग झालं.” आणि ती सांगत गेली. एक भाग बघायचा, पुन्हा बघायचा, मधेच तिला वाटायचं की मागच्या आठवड्यात आपलं चुकलं, मग परत पहिल्यापासून. एकोणीस भागांना आम्हाला सहा वर्षं लागली. मार्चमध्ये आत्या वारली. विसावा भाग मी एकट्यानं लावून पाहिला. त्यात नुसत्या सायकली होत्या. मी टीव्ही बंद केला आणि खूप रडलो, हे इथे लिहिलेलं बरं, कारण फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

मला एवढंच हवं होतं. ती आई डोंगरावरून खाली येते का, ते कळायला हवं होतं. आणि एकतीस तारखेनंतर हा प्रश्नसुद्धा माझ्याजवळ राहणार नव्हता.

“सायकलवाली लावतो,” मगदूम म्हणाले. “सोपं पडंल. सगळी लोकं रजिस्टरमधलीच लावतात.”

“ती मी पाहिलेलीच नाही.”

“डबा तुमचा, सीडी तुमची, डोळे तुमचे. आणि पाहिली नाही म्हणता?”

खरं तर माझा स्वतःचाच गोंधळ उडाला होता. मी एकोणीस भाग पाहिले होते आणि त्यातला एकही पाहिला नव्हता.

मगदूम वाईट माणूस नव्हते. त्यांनी दुसरा फॉर्म काढला, रजिस्टरबाहेरच्या मालिकांचा. “निर्मितीचं ठिकाण?”

“आमची बाहेरची खोली.”

“निर्माता?”

“शालन गणपती वाघमोडे.”

“त्यांना सहीला घेऊन या.”

“वारली. मार्चमध्ये. तुम्हीच तिचं नाव कार्डावरून कमी केलंय.”

त्यांनी कार्ड उलटून पाहिलं. आत्याच्या नावावर लाल रेघ होती आणि शेजारी त्यांचीच सही. त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. मग उठून साक्षीदार लागेल म्हणाले. मी शेजारच्या नदाफभाभींना फोन करून बोलावून घेतलं. दही मागायला आल्या तेव्हा त्यांनी दोन भाग ऐकले होते. त्यांचीही मालिका मागच्या आठवड्यात आली होती, यंत्रमानवांची. त्यातला एक चार मजली यंत्रमानव परसात उभा आहे आणि कपडे वाळत घालायला बरा पडतो, असं मगदूमांनी विचारलं नसतानाही त्यांनी सांगितलं.

“तुम्ही काय पाहिलं?” मगदूमांनी विचारलं.

“पाहिलं कुठं? शालनआपांनी सांगितलं. ती आई सुनेमुळं गेली डोंगरावर.”

“सुनेमुळं नाही,” मी म्हणालो. “ती वाटणीमुळं गेली.”

“मला आपांनी सून सांगितली.”

“तुम्ही सातवा भाग ऐकला असेल. आठव्यात आत्यानं ते बदललं.”

मगदूमांनी दोन्ही लिहून घेतलं आणि कागद घेऊन ते आत नायब तहसीलदार बाईंकडे गेले. अर्ध्या तासानं आम्हाला बोलावलं. बाईंचं नाव हिरेमठ. त्यांनी सगळे कागद नीट वाचले होते.

“मालिका पूर्ण झाली होती का?” त्यांनी विचारलं.

“नाही मॅडम. एकोणीस भाग झाले.”

“म्हणजे चालू मालिका.”

“निर्माता मयत आहे, मॅडम,” मगदूम म्हणाले.

“निर्माता मयत असेल. मालिका चालू आहे. चालू मालिकेला मयत दाखवता येत नाही, तसा शेराच नाही आपल्याकडं.” त्या माझ्याकडे वळल्या. “एक लक्षात ठेवा. शेवटचा भाग झाला की पंधरा दिवसांत येऊन कळवायचं. आम्ही नाव कमी करतो. एकूण भाग किती?”

माझ्या हातात डबा होता. डब्यावर सव्वीस छापलेलं होतं, ठळक, कुणालाही दिसेल असं. सतरा वर्षांत मी रिपोर्टमध्ये एकही आकडा चुकीचा लिहिलेला नाही. मी डबा पिशवीत ठेवला.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

हिरेमठबाईंनी पिशवीकडे पाहिलं. “मग रकाना रिकामा ठेवा, मगदूम.”

कार्डावर माझ्या नावाखाली, लाल रेघेच्या खाली, निळ्या शाईत नोंद झाली : आपलं ते, चालू.

आठव्या दिवशी साडेपाचला बेल वाजली. दारात आत्या होती. नेहमीची कापडी पिशवी, नेहमीची आमसुली साडी. अंगाभोवती कार्टूनमधल्यासारखी बारीक काळी रेघ होती आणि डोळे पूर्वीपेक्षा जरा मोठे होते. वारा आला तेव्हा तिचे केस आधी हलले नाहीत, मग सगळे एकदम हलले. मी बाजूला झालो. ती आत येऊन आपल्या खुर्चीवर बसली.

“चहा टाक,” ती म्हणाली. “कुठवर आलोवतो?”

“एकोणीस संपला.”

“तलाठ्यानं चार्ज सोडला?”

“अजून नाही.”

“बघ, मी म्हटलंवतं तुला. लाव.”

मी विसावा भाग लावला. त्याच सायकली होत्या, पण आता त्यातला प्रत्येक जण कुठे निघालाय ते मला कळत होतं. बावीस मिनिटं झाली तसं कुठूनसं गाणं सुरू झालं, आत्या उठली, कप मोरीत ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला परत आली.

असे सात दिवस गेले. सव्विसाव्या भागात लाल केसांच्या मुलानं डोंगरमाथ्यावर एक पांढरी रेघ ओलांडली, दोन्ही हात वर केले आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. वर कुणी बाई नव्हती. आत्यानं चहा संपवला. गाणं लागलं, ती गेली. मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि पंधरा दिवस कुठवर होतात ते कॅलेंडरवर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून लवकर निघालो. यायचं काही कारण नव्हतं, तरी आलो. साडेपाचला बेल वाजली.

आत्या बसली. मी चहा दिला. सवयीनं टीव्ही लावला. सीडी संपली होती, पडद्यावर नुसता निळा रंग होता. आत्यानं पदरानं चष्मा पुसला, पुढे वाकून निरखून पाहिलं.

“ती वर नव्हतीच, आत्या,” मी म्हणालो. “काल त्यानं माथा गाठला.”

“तो पयला डोंगर होता रे,” आत्या म्हणाली. “हे काय, बघ की, पलीकडं किती चढ हाय. आन् तलाठी बघ कसा मागनं यायला लागलाय.”

मी खुर्ची पुढे ओढली आणि बघायला लागलो.